बसलेल्याला मान्य

पाचपैकी साडेचार तारे होते, आणि ते बघून मला पेपर तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

स्वारगेटच्या स्टँडवर सकाळचे पावणेसहा झाले होते. साताऱ्याची गाडी लागली होती. मी रविवारची पुरवणी उघडून फलाटाच्या खांबाला टेकून उभा होतो. केतकी सबनीस यांनी माझ्या मालिकेवर जवळजवळ पाऊण पान लिहिलं होतं. सबनीस बाई साडेचार तारे कुणालाही देत नसत. त्यांनी अडीच दिले तरी लोक घरी सत्यनारायण घालायचे. माझ्या जागी दुसरा कुणी लेखक असता तर त्याने तिथेच पेढे वाटले असते. मी मात्र शेवटचा परिच्छेद तिसऱ्यांदा वाचत होतो.

‘यातली सगळ्यात मोठी गंमत अशी, की बबनची ती पत्रं काल्पनिक नाहीत. ती लेखकाच्या घरातली आहेत, खुद्द त्यांच्या वडिलांची. घरच्यांना खोट्या शौर्यकथा लिहून पाठवणारा हा स्वयंपाकी खरोखर होऊन गेला, हे कळल्यावर हसताहसता डोळ्यांत पाणी येतं.’

‘होऊन गेला’ म्हणे. तात्या चांगले धडधाकट होते आणि मी त्यांच्याचकडे निघालो होतो.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पहिलीच मालिका होती, ‘लंगर नंबर दोन’. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. मिठाच्या पुडीसाठी तीन प्रतींत अर्ज मागणारा सुभेदार, रजेच्या अर्जांवर झोपणारा कारकून, आणि बबन नावाचा स्वयंपाकी. लढाई कुठेच नाही, नुसतं ऑफिस आणि भटारखाना. पहिल्या दोन भागांवर समीक्षकांनी आम्हाला सोलून काढलं. एकाने लिहिलं, ‘विनोद कवायतीसारखा आहे, एक-दोन-एक, आणि प्रेक्षक विश्राममध्ये.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘लेखकाने सैन्य बहुधा सव्वीस जानेवारीलाच पाहिलं असावं.’ मग तिसरा भाग लागला. त्यात उकळतं तेल उडून बबनचा हात भाजतो आणि तो बायकोला पत्र लिहितो, ‘आज गोळी हाताला चाटून गेली, काळजी करू नये.’ त्या भागानंतर वारं फिरलं. काल शिव्या देणारे आज पाठ थोपटायला लागले.

सबनीस बाईंचा फोन आला तो बुधवारी.

‘ते पत्र तुम्हाला सुचलं कसं हो?’ त्यांनी विचारलं.

‘सुचलं नाही, बाई. पत्रं खरी आहेत.’

‘काय सांगता! कुणाची?’

‘आमच्या तात्यांची.’

स्तुती ऐकली की माझी जीभ टाळ्याला लागत नाही, हा जुना रोग आहे. छापू नका, एवढं म्हणायचं राहिलं. नंतर वाटलं, कशाला छापतील, घरगुती बोलणं ते. अशी आपल्या मनाची समजूत घालण्यात मी लहानपणापासून पटाईत.

गाडी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा निर्मातीचा, नंदिता खोपकरांचा फोन आला. त्या आनंदाने चिवचिवत होत्या.

‘दिगंबर, वाचलं का? साडेचार! चॅनेल आणखी शंभर भाग द्यायला तयार आहे. फक्त तुमच्या गावचं ते प्रकरण मिटवा.’

‘त्यासाठीच निघालोय.’

‘मिटवाच. माजी सैनिकांच्या संघटनेची लेखी तक्रार आली ना, तर चॅनेल एका दिवसात मालिका उतरवेल. सैन्य म्हटलं की ते चळाचळा कापतात. चाळीस माणसं घरी बसतील, तुम्ही पहिले.’

मी ‘हो’ म्हणालो.

आमचं मोरजवाडी हे फौजी गाव. घरटी एक माणूस सैन्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सैनिक भवनात माजी सैनिकांचा दरबार भरतो. पलटणीत भरतो तसाच, ज्याची जी तक्रार असेल ती उभं राहून मांडायची. शुक्रवारी संध्याकाळी शेलार मेजरांनी मला फोन केला होता. सुभेदार मेजर बाजीराव शेलार, संघटनेचे अध्यक्ष, एका पायाने अधू.

‘दिगू, रविवारी दरबारला यायचं. तुझ्या मालिकेचा पॉइंट हाय. पाठीमागं बोलायची आपली रीत न्हाई, म्हणून तुला बोलावतोय.’

तेवढंच असतं तर मी इतका भ्यालो नसतो. मालिका गेली तर दुसरी लिहिता येते. पण आज तिथे तात्या असणार होते, आणि आज हा पेपर असणार होता.

कारण मोरजवाडीत माझे तात्या, हवालदार रंगराव फडतरे, म्हणजे गोळी खाल्लेला माणूस. शाळेतल्या झेंडावंदनाला नारळ त्यांच्या हातून फुटायचा. लग्नात पहिला फेटा त्यांना. प्रत्यक्षात तात्या चोवीस वर्षं पलटणीत स्वयंपाकी होते. गावातली बाकीची माणसं दुसऱ्या पलटणींत, तात्यांच्या पलटणीत गावचं कुणीच नव्हतं, आणि लंगरमधल्या माणसालाही गणवेश तोच. त्यामुळे खरं काय ते दोघांनाच ठाऊक, तात्यांना आणि मला. आई ते न कळताच गेली.

साताऱ्यात गाडी बदलून मी साडेआठला गावच्या फाट्यावर उतरलो. टपरीवर पेपरचा गठ्ठा होता.

‘हे सगळे दे,’ मी टपरीवाल्या संपतला म्हणालो.

‘सगळे? नऊ हायत.’

‘दे.’

‘तुझं नाव आलंय म्हणून व्हय?’ तो खूश होऊन हसला. ‘मी वाचलं न्हाई अजून. एक ठेवू का माझ्यापाशी?’

‘नको. तुला पुण्याहून पाठवतो.’

‘बरं. दहावा मगाशीच सैनिक भवनात गेला बघ.’

मी नऊ पेपर काखोटीला मारून उभा राहिलो. चोराची पावलं चोरालाच ठाऊक असतात म्हणतात, पण माझी मला तरी कुठे कळत होती? ते गठुडं मी ओढ्याच्या मोरीखाली ढकललं आणि घराकडे पळत सुटलो.

तात्या आरशासमोर मिशी विंचरत होते. अंगात निळा ब्लेझर, डोक्याला टोपी घालायची बाकी.

‘आलास व्हय? चा ठेवलाय. घे वतून.’

मी चहा ओतून घेतला.

‘तात्या, मालिका बघता का?’

‘बघतो की. रोज.’

‘कशी वाटते?’

त्यांनी थोडा विचार केला. ‘त्यो बबन झारा उलटा धरतो. दोनशे पुऱ्या तळायच्या तर मनगाट असं खाली पायजे. सांग त्याला.’

‘तिसरा भाग बघितला?’

‘सगळे बघितले.’

ते पुन्हा मिशीकडे वळले. मी वाट बघत राहिलो. रागावतील, काहीतरी विचारतील, निदान माझ्याकडे बघतील. आता सांगावं, पेपरात काय आलंय ते सांगावं, पाय धरावेत, असं मनात शंभरदा आलं. ‘तात्या,’ म्हणून मी हाकही मारली.

‘काय?’

‘आज दरबारला नाही गेलं तर चालणार नाही का?’

‘का? वाचायचं कुणी मग?’ तात्या म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

हे मी विसरलोच होतो. दरबाराची सुरुवात पेपर वाचून व्हायची. निम्म्या लोकांना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसायचं नाही, आणि तात्यांचा आवाज खणखणीत. दहा वर्षं दर दरबारला तेच वाचत होते.

सैनिक भवनात पन्नासेक माणसं जमली होती. बसायची पद्धत ठरलेली. पहिल्या रांगेत हिरव्या खुर्च्या, त्या ज्यांना लढाईत लागलंय त्यांच्या. मग साध्या खुर्च्या. आणि पार मागे भिंतीला लागून एक लाकडी बाक, त्यावर पलटणीतले स्वयंपाकी, न्हावी, धोबी, आणि माझ्यासारखे बिनफौजी. तात्या हिरव्या खुर्चीत जाऊन बसले. मी बाकावर टेकलो. दार डाव्या हाताला होतं, ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

शेलार मेजर काठी टेकत उभे राहिले.

‘आज पेपर नंतर. आधी पॉइंट माझा हाय,’ ते म्हणाले. ‘आपल्या रंगरावांचा दिगू, तिथं मागं बसलाय, त्यानं मालिका काढली. मी चार भाग बघितले. हसू येतं, खोटं कशाला बोलू. त्यो सुभेदार तर तिथं बसलेल्या आमच्या पांडुरंगागत दिसतो.’

लोक हसले.

‘पण त्यो स्वयंपाकी घरला पत्र लिवतो. तेल उडालं तर गोळी लागली म्हणून लिवतो. बायकापोरांस्नी फसवतो. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. जवान दारू पिईल, रजेसाठी आज्जी तीनदा मारील, पण असलं न्हाई लिवणार. लढाई न करता लढलो म्हणणारा जवान मी बघितला न्हाई. ही फौजेची बदनामी हाय. चॅनेलला अर्ज द्यायचा आणि ही मालिका बंद करायची, असं माझं मत.’

माना हलल्या. मी हिरव्या खुर्च्यांकडे बघितलं. तात्यांची पाठ ताठ होती.

शेलार मेजरांचं अगदी बरोबर होतं. कुठल्याच जवानाने तसं लिहिलं नव्हतं.

आता सांगतो. आईला वाचता येत नव्हतं. मी चौथीत होतो तेव्हापासून तात्यांची पत्रं मी तिला वाचून दाखवायचो. ओट्यावर आई बसायची, शेजारपाजारच्या चार बायका बसायच्या, शेलारांची काकूही असायची. तात्या लिहायचे, ‘आज दोनशे चाळीस माणसांचं जेवण झालं. बटाट्याची भाजी. कणीक चांगली नव्हती.’ पहिल्यांदा मी तसंच वाचायला गेलो. ‘आज दोनशे चाळीस माणसांचं’, एवढं म्हणेपर्यंत आईने मध्येच विचारलं, ‘लढाईचं न्हाई का रं काही लिवलं?’ शेलारकाकू गालातल्या गालात हसत होती. तिच्या नवऱ्याच्या पत्रात लढाई असायची. मी मान खाली घातली आणि पुढे वाचलं, ‘दोनशे चाळीस माणसांची तुकडी घेऊन निघालो. रात्रभर गोळीबार.’

आई अशी काही फुलली, की पुढचं प्रत्येक पत्र मी तसंच वाचलं. ‘तेल उडून हात भाजला, आता बरा आहे,’ असं पत्र आलं तेव्हा मी वाचलं, ‘हाताला गोळी लागली, आता बरा आहे.’

दोन महिन्यांनी तात्या रजेवर आले तर फाट्यावर लेझीम. माणसं म्हणाली, गोळी लागली तो हात दाखवा. तात्या गोंधळले. त्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या पदराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मी भीतीने पांढराफटक पडलो होतो. तात्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, ‘त्याचं काय दाखवायचं?’ लोक म्हणाले, बघा, केवढा मोठेपणा! त्यानंतर तीस वर्षं कुणी लढाईचं विचारलं की तात्या एवढंच म्हणायचे, ‘त्याचं काय बोलायचं?’ तोंडाने ते एकदाही खोटं बोलले नाहीत. मला ते कधी रागाचा एक शब्दही बोलले नाहीत.

आणि मालिका लिहिताना मी ते खोटं बबनच्या, म्हणजे त्यांच्याच हाताने लिहवलं. तसं जास्त विनोदी होतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

‘दिगूचं बी ऐकाय पायजे,’ कुणीतरी म्हणालं.

‘ऐकू की,’ शेलार मेजर म्हणाले. ‘आणि हां, आजच्या पेपरात त्याच्याबद्दल आलंय म्हणं काहीतरी. एक बाजू आपली, एक त्यांची. रंगराव, तुमच्या पोराचं हाय, तुमीच वाचा.’

त्यांनी पुरवणी तात्यांच्या हातात दिली. मी अर्धवट उठलो आणि परत बसलो. शेजारचे विठू न्हावी म्हणाले, ‘पोट बिघडलंय का?’

तात्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. खणखणीत, सावकाश, एकेका विरामचिन्हाला थांबत. साडेचार तारे आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदाराचं कौतुक आलं. संवादांचं कौतुक आलं, तेव्हा तात्यांनी चष्म्यावरून मागे माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला वाटलं धरणी दुभंगावी. शेवटचा परिच्छेद सुरू झाला. मी मनातल्या मनात विनवत होतो, वाक्य गाळा तात्या, एवढं वाक्य गाळा.

त्यांनी गाळलं नाही. ‘ती लेखकाच्या घरातली आहेत,’ त्यांनी वाचलं. ‘खुद्द त्यांच्या वडिलांची.’ इथे ते थांबले. मग उरलेलं शेवटपर्यंत वाचलं, त्याच आवाजात, ‘खोट्या शौर्यकथा’सकट.

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या.

‘हे काय, रंगराव?’ शेलार मेजर म्हणाले. ‘बाईचं काहीतरी चुकलंय का?’

तात्या उभे राहिले. उभं राहिल्याशिवाय दरबारात बोलत नाहीत.

‘चुकलं न्हाई, मेजर. मी लंगरमधीच होतो. चोवीस वर्षं.’

‘आणि गोळी?’

‘तेल उडालेलं.’

मागच्या रांगेतून कुणाचंतरी हसू फुटलं आणि लगेच विझलं. शेलार मेजरांच्या कपाळाची शीर उठली होती.

‘मग घरला गोळी लागली म्हणून लिवलं कुणी? तुमी?’

तात्यांनी पुरवणीची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘मीच लिवलं. घरच्यांस्नी बरं वाटावं म्हणून. पोरानं जे दाखवलंय ते खरंच हाय. बदनामी न्हाई ती.’

माझ्या आठवणीत तात्या खोटं बोलले ते हे एकदाच.

शेलार मेजरांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी दरबाराची वही उघडली. आमच्याकडे ठरावाला हात वर करायची पद्धत नाही. अध्यक्ष ठराव सांगतो आणि तीनदा ‘पॉइंट?’ विचारतो. ज्याला म्हणायचंय तो उठतो. जो बसून राहिला त्याला मान्य. आणि वहीत एकदा चढलं की तो विषय जन्मात पुन्हा निघत नाही.

‘खोटी पत्रं खरोखरच लिवली गेली. ती हवालदार रंगराव फडतऱ्यांनी लिवली,’ मेजर एकेक शब्द तोडत म्हणाले. ‘म्हणून मालिकेबद्दल दरबाराची तक्रार न्हाई. पॉइंट?’

मी बाकाची कड धरली. काय बोलायचं ते मला पाठ होतं. पत्रं नव्हे, वाचणारा खोटा होता. एवढंच वाक्य. मग बदनामीचा पॉइंट पुन्हा उभा राहील, अर्ज जाईल, चाळीस माणसं घरी बसतील, उद्याच्या पेपरात सबनीस बाई मलाच सोलतील. आणि हे सगळे म्हातारे वळून माझ्याकडे बघतील. खरं सांगू? बाकीच्यापेक्षा मला त्या बघण्याचीच भीती जास्त वाटली. चौथीत होतो तेवढीच.

‘पॉइंट?’

तात्या समोर बघत उभे होते. मान ताठ, हात सावधानसारखे पँटच्या शिवणीला. मी पाय खाली रोवले, उठण्यासाठी. गुडघे उठले नाहीत.

‘पॉइंट?’

कुणीच उठलं नाही. मेजरांनी वहीत लिहिलं, सही केली, आणि मान वर न करता म्हणाले, ‘बसा, रंगराव.’

तात्या हिरव्या खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी पुरवणी त्या खुर्चीवर ठेवली आणि मधल्या वाटेने मागे चालत आले. लोक पाय आखडून घेत होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. ते थेट आमच्या बाकापाशी आले.

‘सरक जरा,’ ते मला म्हणाले.

मी सरकलो. ते टेकले. बाक जुना, हलका. माझ्या पायांची थरथर फळीतून त्यांना जाणवली असणार, कारण थोड्या वेळाने ते माझ्याकडे वाकले आणि मी चौथीत असताना बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाले,

‘भ्यालास व्हय रं? संपलं आता.’